दिवसाची पुली, रात्रीचा कोमोंडोर

पुली आणि कोमोंडोर यांचे फोटो शेजारी ठेवले तर एकच कुत्रा लहान-मोठ्या मापात काढल्यासारखा वाटतो. दोघेही हंगेरीचे. दोघांच्याही अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जटा, दोघांचेही डोळे केसांआड. आम्ही कुत्रा पाळायचं ठरवलं तेव्हा ओळखीपाळखीतल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला: अंगण लहान असेल तर पुली घ्या, मोठं असेल तर कोमोंडोर. दोन्ही जातींची पिल्लं, मोठी कुत्री, त्यांचे मालक आणि त्यांची कामं जवळून बघितल्यावर, आणि आता त्यातली एक घरात वाढवल्यावर, मला हा सल्ला अगदीच अपुरा वाटतो. अंगणाचं माप शेवटी काढावं. आधी हे विचारावं की आपल्या घराला दिवसा राबणारा कुत्रा हवा आहे की रात्री जागणारा.

आम्ही राहतो देब्रेत्सेनला, हंगेरीच्या पूर्व भागात. बुडापेस्टनंतरचं हे देशातलं सगळ्यात मोठं शहर. नवरा इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, मी विद्यापीठात नोकरी करते. शहराच्या कडेला, जिथे घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात, तिथे आम्ही घर घेतलं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना 'बाची' म्हणतो, इथे थोरामोठ्यांना असंच म्हणतात. त्यांची उमेदीची सगळी वर्षं होर्तोबाजच्या माळावर मेंढ्या राखण्यात गेली. कुत्र्याचा विषय निघाल्यावर नवऱ्याने इंटरनेटवरचे फोटो त्यांच्यापुढे धरले, तेव्हा त्यांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "फोटोत काय बघता? चालताना बघा. मग झोपलेले बघा. आणि मग अंधार पडल्यावर परत जा."

आम्ही शब्दशः तसंच केलं.

होर्तोबाज आमच्या घरापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर. सपाट, गवताळ माळ, इथे त्याला पुस्ता म्हणतात. १९७३ मध्ये हा भाग हंगेरीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. नऊ कमानींच्या जुन्या दगडी पुलापाशी पर्यटकांची गर्दी असते. पण आम्हाला बघायचा होता तो तिथला प्राणी-उद्यानाचा भाग, जिथे राखाडी गुरं, रात्स्का मेंढ्या आणि हंगेरीची मेंढपाळी कुत्री एका ठिकाणी बघायला मिळतात. रात्स्काची शिंगं सरळ आभाळाकडे गेलेली आणि स्क्रूसारखी पिळलेली असतात. मेंढीलाही असतात, फक्त नरालाच नाही. अशा मेंढ्यांच्या घोळक्यात पांढरा कोमोंडोर उभा राहिला की लांबून तो पटकन ओळखूच येत नाही. काळी पुली मात्र पहिल्या नजरेत दिसते. मेंढपाळाच्या दृष्टीने दोन्ही सोयीचंच. राखण करणारा कळपात मिसळून जावा आणि कळप वळवणारी दिवसा, धुळीतसुद्धा, मालकाच्या डोळ्यांना दिसावी. पूर्वी एका कळपाबरोबर दोघेही असत. उजाडलं की पुलीचं काम सुरू व्हायचं, अंधारलं की कोमोंडोरचं.

आकड्यांत सांगायचं तर फरक फार मोठा आहे. प्रमाणित वर्णनानुसार कोमोंडोर नर खांद्यापाशी निदान ७० सेंटीमीटर उंच हवा, मादी ६५. नराचं वजन ५० ते ६० किलो. पुली नर ३९ ते ४५ सेंटीमीटर, मादी ३६ ते ४२, आणि वजन १० ते १५ किलोंच्या आत. कोमोंडोरचा रंग एकच, हस्तिदंती पांढरा. पुली काळी असते, राखाडी असते, काळ्या तोंडाची फिकट पिवळसर असते आणि मोतिया पांढरीही असते. या पांढऱ्या पुलीमुळेच गोंधळ वाढतो. जटांखाली दोघांचीही कातडी पाटीसारख्या करड्या रंगाची. शेपटी बघितली तर मात्र चूक होणार नाही. पुलीची शेपटी वळून पाठीवर चपटी बसलेली असते. त्यामुळे जटा वाढल्या की तोंड कुठलं आणि मागची बाजू कुठली हे नवख्याला कळत नाही. कोमोंडोरची शेपटी खाली लोंबते, फक्त टोक किंचित वर उचललेलं.

आणि बाची म्हणाले होते ते चालणं. पुली चालते ती आखूड पावलांची, उसळती, लगबगीची चाल. चार पावलं सरळ गेली की पाचव्याला दिशा बदलते. कोमोंडोर लांब टांगा टाकत संथ चालतो, कुंपणाच्या कडेने, वाटेत मधूनच थांबून वारा हुंगत. दोघांना अर्धा तास नुसतं चालताना बघितलं तरी कोण कशासाठी जन्माला आलंय हे समजतं.

कोमोंडोर हंगेरीत आणला तो कुमन लोकांनी, असं इथे मानतात. तेराव्या शतकात, १२३९ च्या सुमारास, राजा चौथा बेला याने त्यांना आश्रय दिला होता. पुलीला आजचं शुद्ध रूप मिळालं ते मात्र बरंच अलीकडे. राइत्सित्स एमिल हे पशुवैद्यक शास्त्राचे प्राध्यापक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मेंढपाळांकडच्या सरमिसळ झालेल्या कुत्र्यांमधून पुली आणि पुमी या जाती वेगळ्या काढून त्यांची पैदास नीट बसवली. दुसऱ्या महायुद्धाने या कामाची धूळधाण केली. कोमोंडोरचं नुकसान जास्त झालं, कारण घरात शिरणाऱ्या सैनिकाला आडवा जाणारा कुत्रा आधी मारला जातो. जे मूठभर उरले त्यांच्यातून ही जात परत उभी राहिली. ही गोष्ट ऐकल्यापासून मला कोमोंडोरबद्दल एक वेगळाच आदर वाटतो.

कागदोपत्री वर्गीकरणातही गंमत आहे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दोघेही मेंढपाळी कुत्र्यांच्या एकाच गटात आहेत. अमेरिकेच्या केनेल क्लबने पुलीला १९३६ मध्ये आणि कोमोंडोरला १९३७ मध्ये मान्यता दिली. त्यांच्याकडे आज पुली कळप वळवणाऱ्यांच्या गटात आहे, तर कोमोंडोर राखणदार आणि कामकरी कुत्र्यांच्या. मला अमेरिकनांची विभागणी जास्त पटते.

यानंतर आम्ही पैदास करणाऱ्यांकडे गेलो. आधी कोमोंडोरवाल्या बाईंकडे. त्यांनी आम्हाला पिल्लं दाखवण्याआधी आमचीच उलटतपासणी घेतली. कुंपण किती उंच? दिवसभर घरी कोण असतं? मुलीच्या मैत्रिणी खेळायला येतात का? येतात तर दार त्या स्वतः उघडतात का? पाहुणे मुक्कामाला राहतात का, किती, आणि वर्षातून कितीदा? आम्ही खरं ते सांगितलं. दर शनिवार-रविवारी मराठी मंडळी आमच्याकडे जमतात. गणपतीत तर घर भरलेलं असतं, विद्यापीठात शिकायला आलेली मुलं न सांगता जेवायला येतात आणि ते आम्हाला हवंच असतं. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्या म्हणाल्या, "याला तुमचं कुटुंब कळेल. तुमचे पाहुणे कळायला वेळ लागेल. आणि तुम्ही झोपल्यावर रात्री अंगणात कोण आलं, तर त्याचं काय करायचं हे तो तुम्हाला विचारायला येणार नाही."

त्यांची मोठी कुत्री अंगणातच होती. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. आम्ही आणि पिल्लं यांच्या बरोबर मध्ये येऊन बसली. मी डावीकडे सरकले तशी तीही उठून डावीकडे सरकून बसली. लेक उजवीकडे गेली तर ही मान वळवून दोघींना नजरेच्या टप्प्यात ठेवत राहिली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगितलं, मगच ती अंगावरच्या जटा सावरत बाजूला झाली, पण आम्ही निघेपर्यंत झोपली नाही. कळप राखणारा कुत्रा हुकमाची वाट बघत बसला तर कळप हातचा गेलाच म्हणून समजा. मेंढपाळ झोपडीत झोपलेला असताना निर्णय घ्यायचा तो कुत्र्यानेच. शेकडो वर्षं मेंढपाळांनी त्यातूनच निवड केली. त्यामुळे कोमोंडोर हट्टी असतो असं जे म्हणतात त्यात मला तरी दोष दिसत नाही, ते त्याचं शिक्षण आहे. फक्त दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत तो मनाने पिल्लूच असतो आणि त्या काळात घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची सवय लावणं हे रोजचं काम होऊन बसतं.

पिल्लांना मात्र मी डोळे भरून बघितलं. पांढरीशुभ्र, कुरळ्या मऊ केसांची. योगायोगाने पुढच्याच आठवड्यात आम्ही पुलीची पिल्लं बघायला गेलो तिथे दोन पिल्लं मोतिया पांढरी होती. त्या वयात जटा कुणालाच नसतात. चेहरे सारखेच, कुरळे केस सारखेच. पण उचलून घेतल्यावर हाताला फरक लगेच कळला. कोमोंडोरच्या पिल्लाची पुढच्या पायाची नळी माझ्या अंगठ्याहून जाड होती, पंजा भलताच मोठा, आणि हातात घेतल्यावर ते अंग सैल सोडून, जड होऊन पडून राहिलं. पुलीचं पिल्लू हातात स्वस्थ बसेच ना. खाली ठेवलं की लेकीच्या टाचेमागे, तिथून नवऱ्याच्या बुटाच्या नाडीकडे, तिथून परत. आमची पांगापांग झाली की ते भुंकायचं. आम्ही सगळे एका जागी उभे राहिलो की गप्प. कुणीही न शिकवता, आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू माणसांचा कळप करत होतं.

तिथेच आमचा निर्णय झाला. आमचं घर दिवसाचं आहे. माणसांचं, आवाजाचं, धावपळीचं. अशा घरात रात्रीच्या कामाचा कुत्रा आणणं हे त्याच्यावरच अन्याय करणारं होतं. पिल्लांतली एक काळी मादी आम्ही घेतली आणि लेकीने तिचं नाव ठेवलं काजळ. बाचींना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तिचे कान, दात, पंजे बघितले आणि इथली जुनी म्हण ऐकवली: पुली हा कुत्रा नव्हे, पुली ती पुलीच. इथे चिप बसवणं २०१३ पासून सक्तीचं आहे आणि रेबीजची लस दरवर्षी. ती कामं कुरकुर न होता उरकली.

मग सुरू झालं जटांचं काम. हे नीट सांगावंसं वाटतं, कारण याबद्दल लोकांच्या कल्पना फार वेगळ्या असतात. काहींना वाटतं जटा पार्लरमध्ये वळून घेतात, तर काहींना वाटतं कुत्र्याला विंचरलंच नाही की आपोआप होतात. खरी गोष्ट मधली आहे. या कुत्र्यांच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात, वरचे राठ आणि लांब, आतले मऊ आणि दाट. इतर कुत्र्यांची आतली लव ऋतुमानाप्रमाणे झडते. इथे ती झडून खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकते आणि दोन्ही मिळून त्यांचा नमदा होतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आटपाडीकडे लोकर दाबून, भिजवून जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, बनवायचे तसंच, फक्त हे जेन जिवंत कातडीवर तयार होत असतं.

काजळचं अंग वर्षाची होत आली तेव्हा बदलायला लागलं. आधी कानामागे, मग कुल्ल्यांवर. वरून बघितलं तर केस मोकळेच दिसायचे, पण बोटं मुळाशी नेली की कातडीलगत चिकट, घट्ट थर लागायचा. तो तसाच सोडला तर सलग चादर तयार होते, कातडीला वारा लागत नाही, खाज सुटते, खाली जखम झाली तरी दिसत नाही. म्हणून तो थर हाताने फाडायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत केसांचा पुंजका धरायचा, नैसर्गिकपणे भेग कुठे आहे ते चाचपायचं आणि कातडीपर्यंत हळूहळू ओढून दोन भाग करायचे. कंगवा, ब्रश काही नाही. किती जाड ठेवायची हे कातडी सांगते. मुळाशी साधारण करंगळीएवढा भाग एका जटेला दिला की ती पुढे सरळ वाढते. ज्या पुलीची आतली लव जास्त, तिच्या जटा चपट्या पट्ट्यांसारख्या होतात. राठ केस जास्त असले की गोल, दोरीसारख्या. काजळच्या पाठीवर पट्ट्या आहेत आणि मानेवर दोऱ्या. इथले जाणकार दोन्ही चांगलं मानतात.

हे काम संध्याकाळी करायचं, ती दमून पडली की. मी जमिनीवर बसते, ती कुशीवर, आणि एका वेळी अंगाचा एकच भाग घ्यायचा. आज डावी मांडी, उद्या छाती. एकदम सगळं करायला गेलं तर तिचाही जीव मेटाकुटीला येतो आणि आपल्या बोटांनाही कळ लागते. साधारण दोन वर्षांची होईपर्यंत जटांची वाटणी पक्की होते. त्यानंतर नवीन उगवलेले केस शेजारच्या जटांना जोडत नाहीत ना, एवढंच अधूनमधून बघावं लागतं. जमिनीला टेकायला चार-पाच वर्षं जातात. कोमोंडोरचं तंत्र हेच, फक्त जटा जाड आणि अंग पाचपट. पांढऱ्या रंगामुळे हनुवटीखालचे आणि पायांवरचे डाग वेगळे सांभाळावे लागतात. आईने व्हिडिओ कॉलवर काजळला पहिल्यांदा जटांसकट बघितलं तेव्हा ती हळहळली, "अगं, त्या बिचारीला टोचत नाही का?" मी कॅमेऱ्यापुढे एक जट मुळापाशी उचलून खालची स्वच्छ, करडी कातडी दाखवली, तेव्हा तिचं समाधान झालं.

आंघोळ हा एक स्वतंत्र सोहळा. शाम्पू आधी बादलीत पातळ करायचा, कारण घट्ट शाम्पू जटेत गेला की निघता निघत नाही. पाणी आतपर्यंत पोहोचायलाच बराच वेळ लागतो. चोळायचं नाही, फक्त दाबायचं आणि पिळायचं. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धूत राहायचं, एकेका जटेतून. त्यानंतर टॉवेलमागून टॉवेल, आणि मग पंखे. पूर्ण वाळायला एक दिवस सहज, कधी दुसराही उजाडतो. वरून कोरडी वाटली तरी जटेचा गाभा ओला असू शकतो आणि ओल राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते. तो वास एकदा बसला की जट कापण्यावाचून गत्यंतर नाही, असं पैदास करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून आंघोळीचा दिवस आम्ही हवामान बघून ठरवतो. ढगाळ, दमट दिवस असला की नाही म्हणजे नाही.

उन्हाळ्यात जटांपेक्षा मोठी काळजी असते तोक्लासची. रानटी बार्लीच्या या कुसळांना उलटे काटे असतात. मे-जूनमध्ये ती वाळली की कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत शिरतात आणि आत-आतच जातात, मागे येत नाहीत. जटाधारी कुत्र्यात ती दिसतही नाहीत. फिरून आलं की आधी पंजे, मग कान, मग काखा, या क्रमाने बोटांनी चाचपायचं. गोचीडही तशीच. इथल्या गोचिडींमधून बबेसिया नावाचा रक्तातला परजीवी पसरतो. ताप, मरगळ आणि लालसर-तपकिरी लघवी दिसली की तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे गोचीड-प्रतिबंधक गोळी चुकवायची नाही आणि तरीही हात फिरवायचाच. बाची सांगतात, त्यांच्याकडे मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवशी पुलीलाही शेवटी बसवून कातरत असत. जमिनीपर्यंत लोळणाऱ्या जटा ही प्रदर्शनाची हौस. कामाच्या कुत्र्याला चिखल, काटे आणि धावणं असतं. मला हे पूर्ण पटलं आणि काजळच्या जटा मी घोट्याच्या वरच ठेवते.

ती दीड वर्षाची झाल्यावर आम्ही तिला मेंढ्या दाखवायला नेलं. इथे कळप वळवण्याची उपजत जाण तपासणाऱ्या चाचण्या होतात. गोल कुंपणात थोड्या मेंढ्या सोडतात, कुत्र्याला लांब दोरीला बांधून आत नेतात आणि परीक्षक नुसतं बघत राहतो. मेंढ्या वळवणारी दुसरी एक जात, बॉर्डर कॉली, मी आधी बघितली होती. ती वाकून, दबकून, नजर रोखून मेंढ्यांना हलवते, तोंडातून आवाज काढत नाही. पुलीचं तंत्र निराळं. काजळ ताठ उभी राहिली, कान टवकारले, आणि मग भुंकत थेट मेंढ्यांच्या अंगाजवळून पळत सुटली. एका मेंढीच्या मांडीला तिने खांद्याने धक्का दिला आणि दुसऱ्या टोकाला निसटू बघणाऱ्या मेंढीपुढे जाऊन उभी राहिली. त्या मेंढीने डोकं खाली घालून पाय आपटला. काजळ मागे हटली नाही. पुढचे दोन्ही पाय उचलून तिच्या नाकापुढे उसळली, भुंकली, परत उसळली, आणि मेंढी वळून कळपात गेली. परीक्षकांनी दोरी सोडून दिली. घरी जी पुली आम्ही जेवायला बसल्यावर एकेकाला टेबलाकडे हाकत आणते, तीच ही. पण इथे तिच्या अंगात जे आलं होतं ते मी घरी कधीच बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

अंधार पडल्यावर परत जा, हा बाचींचा तिसरा सल्ला आम्ही त्यांच्याच पुतण्याच्या शेतावर पाळला. गावापासून लांब, एकटं घर, मागे मेंढ्यांचा गोठा आणि राखणीला एक मोठा कोमोंडोर. दुपारभर तो तुतीच्या झाडाखाली आडवा पडून होता. माश्या बसल्या तरी कातडी हलवायचा, मान नाही. काजळला त्याने एकदा हुंगलं आणि सोडून दिलं. सूर्य टेकला तसा तो उठला, अंग झाडलं, आणि त्या जड ओल्या दोरांसारख्या जटा एकमेकींवर आपटल्याचा आवाज आम्हाला ओट्यापर्यंत ऐकू आला. मग त्याची फेरी सुरू झाली. कुंपणाच्या आतून, त्याच एका पायवाटेने. रोजच्या चालण्याने तिथलं गवत गेलेलं दिसत होतं. एका कोपऱ्यावर तो थांबायचा, शेताकडे तोंड करून उभा राहायचा, दोन-तीनदा खर्जात भुंकायचा आणि पुढे निघायचा. काजळ तोवर लेकीच्या पायाशी गाढ झोपली होती.

रात्री उशिरा मक्याच्या शेतातून कोल्हेकुई सुरू झाली. हंगेरीत सोनेरी कोल्हे आता खूप वाढलेत आणि तो आपल्याकडचाच कोल्हा, एकच प्राणी. मी फोनवर आवाज टिपून आटपाडीला माझ्या वडिलांना, अप्पांना, पाठवला. त्यांचं उत्तर सकाळी आलं: "हा कोल्हाच. आणि मध्ये भुंकतंय ते कुत्रं राखणीचं आहे, जागेवरून हलत नाहीये." त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. कोल्हे बोलावत होते आणि कोमोंडोर त्यांच्यामागे शेतात धावला नाही, मेंढ्यांच्या गोठ्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठलाग करणारा कुत्रा कळप उघडा टाकतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात कायोटी या तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यांपासून मेंढ्या वाचवण्यासाठी संशोधकांनी याच जातीवर प्रयोग केले आणि कोमोंडोर असलेल्या ठिकाणी मेंढ्यांचं नुकसान घटल्याचं त्यांना दिसलं. त्या रात्री ओट्यावर बसून ते का घटलं असेल हे मला समोर दिसत होतं. आमच्या काजळला तिथे उभी केली असती तर ती त्वेषाने कोल्ह्यांच्या मागे गेली असती आणि पहिल्याच आठवड्यात जीव गमावून बसली असती. उलट त्या कोमोंडोरला दिवसा मेंढ्या वळवायला सांगितल्या असत्या तर तो त्यांच्यातच जाऊन झोपला असता.

काजळचे फोटो बघून पुण्याहून माझ्या भाच्याने विचारलं, की मावशी, मलाही पुली हवी, इथे कशी आणता येईल? त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. फेसबुकच्या मार्क झुकरबर्गने २०११ मध्ये पुली घेतली होती, तिचे फोटो भाच्याने बघितले होते. मी लिहिलं की व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आयात करण्यावर भारत सरकारने २०१६ मध्ये बंदी घातली होती आणि नियमांत बसवून एखादी आणली तरी खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेल्या चादरी वाळत नाहीत, तिथे जटेचा गाभा वाळेल कसा? आणि तो राहतो सोसायटीत, आठव्या मजल्यावर. पुली भुंकून काम करणारी जात आहे. लिफ्टमधून उतरणारा प्रत्येक जण तिच्या लेखी कळपातून निसटलेलं मेंढरू. कोमोंडोरचा तर तिथे विचारही करू नये.

जटाच बघायच्या असतील तर इकडे ये, मी तुला होर्तोबाजला घेऊन जाते, असं मी त्याला कळवलं. आणि कुत्रा पाळायचाच असेल तर आधी आटपाडीला आजोबांकडे जा. तिथल्या धनगरांच्या कुत्र्यांना ऊन, पाऊस आणि लांडगा तिन्ही ठाऊक आहेत, त्यांच्या पिल्लांना कुणी विचारत नाही. घ्यायच्या आधी मात्र त्यांच्या वाड्यावर एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र काढ, आणि पिल्लाचे आईबाप केव्हा झोपतात ते बघून घे.